झाकण लावून, दुपारी दोन वाजता

हे मी कागदावर लिहितेय. कॉम्प्युटर समोर आहे, चालूही आहे, पण तो सध्या मेमटेस्टच्या, म्हणजे रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या ताब्यात आहे आणि टेस्ट संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही असं मीच ठरवलंय. निळ्या पडद्यावर पांढरे आकडे सरकताहेत. त्यातला एकच आकडा मला बघायचा असतो, एरर्सपुढचा. बाकी सगळी शोभा.

हा ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे कॉम्प्युटरला पाटीवरच्या वेगापेक्षा जास्त पळवण्याचा नाद मुळात दादाचा. १९९८ च्या ऑगस्टमध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर आला. नावाप्रमाणे ३०० मेगाहर्ट्झचा, कमी दर्जाचा म्हणूनच विकला जाणारा. दादाने तो घेतला तोच मुळी ३०० वर चालवायचा नाही असं ठरवून. त्याचा मल्टिप्लायर ४.५ वर कुलूपबंद होता, पण बसचा, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्याचा वेग ६६ वरून १०० वर नेला की साडेचार गुणिले शंभर, ४५०. त्याच महिन्यात इंटेलने काढलेल्या सर्वांत वरच्या पेन्टियम टूचा वेगही हाच. वर आणखी गंमत अशी की पेन्टियम टूची ५१२ किलोबाइट कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली छोटी मेमरी, प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने पळायची, आणि या गरीब भावंडाची १२८ किलोबाइटचीच, पण चिपमध्येच असलेली, पूर्ण वेगाने.

अडचण एकच होती. दादाचा मदरबोर्ड बसचा वेग स्वतःच्या मनाने ठरवायचा नाही, प्रोसेसरला विचारायचा. प्रोसेसरच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची ओळ असायची, त्यातल्या बी२१ या पट्टीतून ‘मी ६६ चा’ असा निरोप बोर्डाला जायचा. तो निरोप अडवला की बोर्ड समजणार, हा १०० चा. कुणी त्या पट्टीवर चिकटपट्टीचा कपटा लावायचे. दादाने माझं नेलपॉलिश उचललं.

मी बॅटरी धरून उभी होते. त्याने टाचणीच्या डोक्यावर लाल थेंब घेतला, श्वास रोखला आणि पट्ट्या मोजायला लागला. एकविसाव्यापर्यंत पोचता पोचता तीनदा चुकला. चौथ्यांदा मी मोजलं. दोन पट्ट्यांमधली फट नखाच्या जाडीचीही नव्हती, आणि थेंब शेजारच्या पट्टीवर ओघळला तर काय, हे दोघांनाही माहीत नव्हतं. वाळेपर्यंत आम्ही त्यावर फुंकर घालत बसलो. मग मशीन लावलं, पडद्यावर ४५० उमटलं आणि दादाने माझ्या पाठीत असा काही धपाटा घातला की बॅटरी खाली पडली.

तेव्हा न कळलेली एक गोष्ट मला खूप नंतर उमगली. बस ६६ वरून ८३ वर नेणं हे १०० वर नेण्यापेक्षा धोक्याचं होतं. ऐकायला उलटं वाटतं. पण पीसीआयच्या, म्हणजे बोर्डाला जोडलेल्या बाकीच्या भागांच्या तारांना ३३ मेगाहर्ट्झ हवेत, आणि ते बसच्या वेगाला भागून मिळायचे. ६६ भागिले दोन, ३३. १०० ला बोर्ड तीनने भागायचा, पुन्हा ३३. पण ८३ ला भाग दोनचाच, म्हणजे साडेएकेचाळीस. तेवढ्या वेगाने हार्ड डिस्कशी बोलणं व्हायचं आणि ती मधूनच चुकीचं काहीतरी लिहून ठेवायची. विंडोज चालू, गाणी चालू, आणि खाली फायली कुजताहेत. कमी लोभ केलेला माणूस जास्त फसायचा. हे वाक्य लिहिताना मला हसू येतंय, का ते पुढे येईलच.

या खेळात नवीन काहीच नाही. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता आणि प्रोसेसर त्याच्या निम्म्या वेगाने, ६ वर चालायचा. लोकांनी तो स्फटिक उपटला, तिथे १६ चा बसवला, झाले ८. पुढच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, आयबीएमने वेग मोजणारी तपासणीच घातली. हे जमतं याचं कारण साधं आहे. एकाच वेफरवरच्या, म्हणजे सिलिकॉनच्या एकाच चकतीवरच्या शेकडो चिप एकसारख्या निघत नाहीत. त्या तपासून वेगवेगळ्या वेगाच्या पाट्या लावून विकतात, आणि पाटी लावताना सगळ्यांत वाईट दिवस धरून चालतात: तापलेली खोली, धुळीने भरलेला पंखा, दहा वर्षांचं आयुष्य. शिवाय स्वस्त मालाची मागणी जास्त असली तर चांगल्या चिपवरही हलकी पाटी लागते. ती पाटी आणि चिपची खरी कुवत यांत जी जागा उरते, तिच्यावर आमच्यासारख्यांचा डोळा.

क्लॉक म्हणजे नेमकं काय, हे भाच्याला सांगताना मी परीक्षेच्या वर्गाचं उदाहरण देते. घंटा झाली की पर्यवेक्षक पेपर ओढून घेणार, लिहून झालं असो वा नसो. घंटेआधी सगळ्यांचं लिहून झालं तर सगळं ठीक. घंटा थोडी अलीकडे आणली, तरी बहुतेकांचं होतं. आणखी अलीकडे आणली की एखाद्याचा शेवटचा ३ अर्धवट राहतो, दुसरा वळसा काढायचा राहून जातो, आणि तपासणारा तो २ म्हणून वाचतो. तपासणाऱ्याला काही वावगं वाटत नाही. २ हा काही वेडावाकडा आकडा नव्हे. ४.७ गिगाहर्ट्झवर दोन घंटांमधलं अंतर ०.२१ नॅनोसेकंद असतं. तेवढ्यात प्रकाशसुद्धा साडेसहा सेंटिमीटर जात नाही.

व्होल्टेज वाढवलं की मुलं भरभर लिहितात, आणि घामाघूम होतात. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. माझ्या आताच्या प्रोसेसरला मी ४.२ वरून ४.७ गिगाहर्ट्झवर नेलं आणि त्यासाठी १.२० व्होल्टचे १.३५ करावे लागले. वेग वाढला १२ टक्के. उष्णतेचा हिशेब मांडून बघा, ४० टक्क्यांच्या वर जातो. दादाच्या सेलेरॉनला दीडपट वेग जवळजवळ फुकटात मिळाला होता. ते दिवस गेले. २००८ नंतर इंटेलचे प्रोसेसर टर्बोच्या नावाने स्वतःच स्वतःला ताणायला लागले, इतरांचेही लागले, आणि कारखान्यातून येतानाच बहुतेक रस पिळून येतो. कधी जास्तच पिळला जातो. २०२४ मध्ये इंटेललाच कबूल करावं लागलं की तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्याने झिजत होते. घरातल्या हौशी माणसाला मग उरतं ते तळाशी राहिलेलं.

तरी मी ते खरवडलंच. प्रोसेसरची मला फार काळजी वाटत नाही, कारण तो आरडाओरडा करतो. चुकला की निळा स्क्रीन, नाहीतर सरळ गोठतो, नाहीतर बंद. प्राइम९५ नावाचा प्रोग्रॅम आहे, मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी १९९६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातला. तो एवढ्या लांबलचक गुणाकारांतून जातो की एक चूक झाली तर आठवड्यांची मेहनत पाण्यात, म्हणून तो सतत स्वतःला तपासतो. त्याचा ठरलेला निरोप असा: राउंडिंग ०.५ आलं, ०.४ च्या आत हवं होतं. इतकं नेमकं आणि इतकं निर्विकार बोलणं मी माणसांकडून फार कमी ऐकलंय. तो निरोप आला की मी मल्टिप्लायर एका घराने उतरवायची आणि झोपायला जायची.

खरी कथा रॅमची.

रॅमच्या खोक्यावरचा मोठा आकडा फसवा असतो. ३२०० च्या रॅमला सीएल१६ लिहिलेलं असतं, म्हणजे मागितलेली गोष्ट हातात यायला सोळा ठोके लागतात. एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा, सोळांचे झाले १०. आता जुनी डीडीआर ४०० काढा, सीएल२. दोन ठोके, पाच-पाच नॅनोसेकंदांचे. १०. डीडीआर३ मधली १६०० सीएल८, १०. डीडीआर५ मधली ६००० सीएल३०, तरीही १०. एकाच वेळी ओतता येणारा डेटा पंधरा पटींनी वाढला, पण पहिला थेंब पडायला लागणारा वेळ तिथल्या तिथे. मला हे कळलं तेव्हा वाईट वाटायच्या ऐवजी चेव आला. हे १० खाली आणायचेच.

माझ्या ३२०० च्या रॅमला मी ३६०० वर नेलं, सीएल सोळाच ठेवून. ८.९ नॅनोसेकंद. कागदावर हे एका ओळीत होतं. प्रत्यक्षात सहा रात्री गेल्या. एफ१० दाबून बायोसमधून बाहेर पडायचं, पडदा काळा, पंखे सुटतात, थांबतात, एक टिक आवाज, पुन्हा सुटतात. बोर्ड रॅमशी सूर जुळवायचा प्रयत्न करत असतो. तिसऱ्या वेळेला जमलं नाही तर तो शरण येतो आणि जुन्या सेटिंगवर परत जाऊन तसं पडद्यावर लिहितो. या काळ्या पडद्यासमोर मी किती बसले असेन! एक ते चाळीस मोजायची. चाळिसाच्या आत लोगो आला तर आशा, पुढे गेलं तर नाही. एका रात्री बोर्ड शरणही येईना. मग बाजूचं झाकण काढून नाण्याएवढा सेल उपसला आणि पाच मिनिटं हातात धरून बसले. सहाव्या रात्री सगळं जमलं, आणि तिथे थांबले असते तर हा लेख झाला नसता.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, भरलेला किंवा रिकामा. १९६८ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना याचं पेटंट मिळालं. एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर, बस्स. स्वस्त आणि दाट, पण गळका. भरलेला रांजण आपोआप रिता होत जातो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक रांज‍णात डोकावून, भरलेला होता तर पुन्हा काठोकाठ भरावा लागतो. त्यासाठी ८१९२ फेऱ्या, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक. त्या फेरीत रॅमला दुसरं काही करता येत नाही. बायोसमध्ये या दोन फेऱ्यांमधल्या अंतराचा एक आकडा असतो. माझ्या वेगाला तो साधारण १४ हजार ठोके यायला हवा. मी तिथे घालता येतो तेवढा मोठा आकडा घातला, ६५५३५. म्हणजे प्रत्येक रांज‍णाकडे ६४ ऐवजी सुमारे ३०० मिलिसेकंदांनी बघायचं. पाणक्याला सुट्टी, कामाला वेग. मेमटेस्ट रात्रभर चालवली. एरर शून्य.

रात्रभर. थंडीचे दिवस. बाजूचं झाकण काढलेलं, कारण सारखं आत हात घालावा लागत होता. माझ्या मनात त्या वेळी या तीन गोष्टी कुठेच नव्हत्या.

त्यानंतरचे काही महिने मी बाबांच्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करत होते. शेकडो पट्ट्या. मोठ्या टीआयएफएफ फायली, त्यांच्यावरून छोट्या जेपीईजी, मग एकेका रोलची झिप, मग बॅकअप. दोनशे फायलींचं जे काम पूर्वी ५२ मिनिटांत व्हायचं ते ४८ मध्ये व्हायला लागलं. चार मिनिटं. मी ती चार मिनिटं दादाला फोन करून सांगितली होती.

उन्हाळा लागला तेव्हा झाकण केव्हाच परत लागलं होतं. एका दुपारी एक झिप उघडताना सीआरसी एरर आला, म्हणजे फाइल ठेवली होती तशी राहिलेली नाही अशी तक्रार. पुन्हा उघडली, पुन्हा तोच. रिस्टार्ट केलं आणि ती निमूट उघडली. मी म्हटलं, विंडोजचं काहीतरी. हे मी महिनाभर म्हणत राहिले. रिस्टार्टने बरी होणारी दुखणी माणूस मनावर घेत नाही. खरं तर तीच खूण होती. फाइल डिस्कवर चांगली होती, ती रॅममध्ये आणून ठेवताना नासत होती, आणि ती नासकी प्रत रॅममध्ये असेपर्यंत तीच पुन्हा पुन्हा वाढून येत होती.

दादाचा मुलगा सुट्टीत आला होता. फोटो बघता बघता थांबला. “आत्या, आजोबांच्या या फोटोला काय झालंय?”

बाबा सायकलला टेकून उभे आहेत. कपाळापासून छातीपर्यंत सगळं जिथल्या तिथे. मग एक आडवी रेघ, आणि रेघेखालचं सगळं चार बोटं डावीकडे सरकलेलं, जांभळट. सायकलचं हँडल एकीकडे, चाकं दुसरीकडे. जेपीईजीत एक बिट उलटा झाला की त्याच्या पुढचं सगळं त्या चुकीला धरून उलगडत जातं.

“तू रॅम ओव्हरक्लॉक केली होतीस ना? टेस्ट कधी केलीस?”

“रात्रभर केली. पूर्ण.”

“झाकण लावून?”

मी काही बोलले नाही. तो अठरा वर्षांचा आहे आणि त्याने पुढे काही विचारलं नाही, याबद्दल त्याचे उपकार मानते. त्याच दुपारी आम्ही मेमटेस्ट लावली, झाकण लावून, मशीन तासभर तापवून. अकराव्या मिनिटाला लाल ओळ आली, मग आणखी एक. रात्री थांबल्यावर झाकण काढून पुन्हा लावली. शून्य. तापलेला रांजण जास्त गळतो, एवढीच गोष्ट. नेहमीच्या रॅमसाठीसुद्धा नियम आहे, ८५ अंशांच्या वर गेली की फेऱ्यांचं अंतर निम्मं करायचं. मी ते जवळजवळ पाचपट केलं होतं.

मग हिशेब. तेवीस जेपीईजी उघड उघड बिघडलेल्या. त्यांच्या निगेटिव्ह घरातच होत्या, परत स्कॅन केल्या. एक सोडून. सायकलची पट्टी काकूंची होती, ती त्यांना परत केली होती, आणि त्यांच्याकडे आता सापडत नाही. बॅकअपमध्ये बघितलं, तिथेही चार बोटं डावीकडे. बॅकअप आणि काय करणार, जे हातात दिलं ते त्याने इमानेइतबारे जपलं. चेकसमसुद्धा, म्हणजे फायलीवरून काढलेला तपासणीचा आकडा, बरोबर जुळत होता, कारण तो नासलेल्या फायलीवरूनच काढलेला.

पण मला झोप लागू दिली नाही ती या तेवीसांनी नव्हे. टीआयएफएफ फायली मी न दाबता ठेवते. त्यात एक बिट उलटला तर पुढचं काही कोसळत नाही. एका ठिपक्याची छटा बदलते, बस्स. जुन्या फिल्मला दाणा असतोच, त्यात एक दाणा जास्त. आईच्या पदरावर, कुणाच्या गालावर, मागच्या भिंतीवर. अशा किती झाल्या असतील? दहा, की दहा हजार? मोजायची सोयच नाही. सर्व्हरच्या रॅममध्ये ६४ बिटांबरोबर पहाऱ्याचे ८ जास्तीचे बिट असतात, एक चुकला तर ते तिथल्या तिथे सावरून घेतात. घरच्या मशीनला हा पहारा बहुधा नसतो. दिसणाऱ्या चुका मी दुरुस्त केल्या. न दिसणाऱ्यांना मी फोटो म्हणून सांभाळतेय.

भाच्याचं म्हणणं, सगळं परत स्कॅन कर. दादाचं म्हणणं, एका दाण्याने काय होतंय. तो असंही म्हणाला की त्याच्या सेलेरॉनने कधी दगा दिला नाही. मी विचारलं, तुला कसं कळलं असतं? तो जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “नेलपॉलिश चांगलं होतं ना.”

रॅम मी परत ३२०० वर आणली, फेऱ्यांचं अंतरही बोर्डाच्या मर्जीवर सोडलं. नियमाने बघायला गेलं तर ही ३२०० सीएल१६ सुद्धा ओव्हरक्लॉकच आहे. प्रमाण डीडीआर४ ला १.२ व्होल्ट लागतात, या रॅमच्या प्रोफाइलला १.३५. फक्त ताण कुणीतरी दुसऱ्याने दिलाय आणि खोक्यावर छापलाय, म्हणून तो ताण वाटत नाही. बायोसमध्ये माझी ती सहाव्या रात्रीची सेटिंग अजून साठवलेली आहे. पुसायला दोन कळा पुरतील. राहू दे.

आणि नाद कुठे सुटतो? हल्ली मी उलट दिशेने जाते. वेग कंपनीने दिला तेवढाच, पण व्होल्टेज जरा जरा कमी करत न्यायचं, चूक कुठे सुरू होते ते बघायचं. मशीन थंड राहतं, पंखे कुजबुजतात. काळा पडदा तोच, चाळीसपर्यंत मोजणं तेच. पण आता आधी रॅमची परीक्षा, नंतर बाकीचं, आणि ती रात्री घ्यायची नाही.

हे लिहीपर्यंत तिसरी फेरी संपली. दुपारचे दोन वाजलेत, खोलीचा पंखा बंद आहे, झाकण लावलेलं आहे, त्याला हात लावला तर चांगलं कोमट लागतंय. एरर्सपुढे शून्य. चौथी सुरू झालीय.